हातोडी आणि तेलाची बुधली

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. खिळे ठोकणारी नव्हे, पियानोतली. लाकडाची बारीक दांडी आणि डोक्यावर नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची जाड गादी. आधीच सांगून टाकते, मी भारी भित्री आहे.

भ्यायला कारणही आहे. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा ती मला उचलते खरी, पण तार जवळ आली की माझा हात सोडून देते. उरलेली झेप माझी एकटीची! तारेवर टोला मारायचा आणि लगेच मागे पळायचं. पळाले तरच तार थरथरत राहते नि सूर घुमतो. चिकटून राहिले तर तिची सगळी थरथर माझ्या नमद्यात जिरते. आमच्या धंद्यात पळपुटेपणालाच शाबासकी मिळते.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर पियानोचे मालक, आमचे साहेब, औरंगाबाद सोडून गेले आणि पियानो शहागंजातल्या मुलींच्या शाळेत आला. तिथे मेहरुन्निसाबाई गाणं शिकवायच्या. आमचं फार कौतुक झालं. मग एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली. मी आणि माझी शेजारीण सांध्यात फुगलो आणि तारेला टेकलो ते टेकलोच. आमचे दोन्ही सूर बंद पडले.

बाई नव्हत्या तेव्हा शाळेचा टांगेवाला फकिरा तेलाची बुधली घेऊन आला.

"जाम झालं की तेल घालायचं," झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाईंना तो म्हणाला. "माझं चाक लई कुरकुरायचं, आता बघा!"

"घाला मग. पोरींचं गाणं अडलंय."

दोघांचं मन चांगलं होतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. शेजारणीच्या डोक्यावर धार पडली. तिचा नमदा तेल पिऊन लिबलिबीत झाला. मग बुधली माझ्यावर वाकली. तोंडाशी थेंब लोंबत होता आणि मला जागचं हलता येईना.

"रुको, फकिराभाऊ!" मेहरुन्निसाबाई दारातून ओरडल्या. "नमदा है वो, चाक नाय! तेल प्याला की मुका होतो."

"मला काय ठावं, बाई?" फकिराने बुधली मागे घेतली. त्याचा चेहरा पार उतरला.

बाईंनी मला ऊन दाखवलं आणि मी मोकळी झाले. शेजारीण कायमची मुकी झाली. तसा नमदा गावात मिळाला नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर उपाय करण्याआधी ती कशाची आहे, कशी चालते, एवढं तरी विचारा. गाण्यात शेजारणीची जागा आली की मुली तो सूर तोंडाने म्हणतात. ऐकताना माझा जीव मुठीत असतो, कारण त्यानंतरची पट्टी माझी आहे.