दाब, धर, सोड

"वायरचाच घ्या मामा, माझं ऐका." फिरोजनं डिस्क ब्रेकचा खोका काउंटरवरून पुन्हा पुढं सरकवला. "तार तुटली तर कुठंबी मिळंल. डोंगरात बिघडला तर पोरगी सोता नीट करंल. आन् स्वस्त बी हाय."

पिराजीनं खोक्याकडं बघितलंही नाही. नवरात्रापासून जादा गाड्यांच्या ड्युट्या करून त्याचे डोळे चुरचुरत होते. सोलापूरची फेरी करून, अंगावरची खाकी न बदलताच तो वृषालीला घेऊन तुळजापूरहून धाराशिवला आला होता. आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगमागं गेलेल्या माणसानं ब्रेकच्या बाबतीत सायकलवाल्याचं ऐकायचं, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

"वायरचा ब्रेक दूधवाल्याच्या सायकलीला," तो म्हणाला. "हिला डोंगर उतरायचाय. तेलाचा दाव."

"तेलाचा चांगला असतो, पर चांगल्या कंपनीचा परवडायचा न्हाय तुमाला. आन् परवडतो तो म्या माझ्या भावाला बी देणार न्हाय."

"पप्पा, वायरचा चालंल मला," वृषाली म्हणाली.

"तू गप. ब्रेक म्हणजे चेष्टा हाय का?"

जुनी घेतलेली ही डोंगरात चालवायची सायकल वृषालीनं रेटून रेटून चालवली होती, आणि आता तिचे ब्रेक पार संपले होते. कोजागिरीनंतर जिल्ह्याची निवड चाचणी होती. पहिल्या दोघींत आली तर राज्याला जाणार. राज्याचं पदक असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर नंबर लागतो, असं तिचे रणधीर सर सांगत. पुढच्या वर्षी तिचं वय या गटात बसणार नव्हतं. त्यामुळं काय व्हायचं ते याच चाचणीत होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची आई बनाबाई तर रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना पोरीसाठी जरा जास्त वेळ उभी राहायची.

शेवटी फिरोजनं आतून कागदात गुंडाळलेला एक जोड आणला. कुण्या डॉक्टरांनी नवी सायकल घेतली, तिच्यावरचे ब्रेक बदलले, त्यातला हा जुना. कंपनी नावाजलेली, तेलाचा ब्रेक, भाव वायरच्या जवळपास. पिराजीनं लिव्हर हातात घेऊन दाबला आणि त्याचा शिणलेला चेहरा एकदम उजळला.

"ह्याला म्हणत्यात ब्रेक," तो म्हणाला.

"बसवून देतो. पर मामा, ढिला वाटला तर इकडं आणा. घरी खोलू नका."

"आरं, मला शिकवतो का?" पिराजी हसला. "एसटीत लागायच्या आधी काळी-पिवळी जीप चालवलीय म्या. तेलाच्या ब्रेकातच माझी हयात गेली."

खरं तर एसटीचे ब्रेक हवेचे. पण ते फिरोजला कुठं सांगत बसायचं.

चाचणी तोंडावर आली आणि मागचा ब्रेक ढिला पडला. लिव्हर पार मुठीपर्यंत यायला लागला. पौर्णिमेची गर्दी नुकतीच ओसरली होती. पिराजी ड्युटीवरून आला तेव्हा त्याची कंबर धरली होती आणि फक्त आडवं व्हावं एवढीच त्याची इच्छा होती. वृषाली म्हणाली, "मी जाते फिरोजभाईकडं." पण धाराशिवला जाऊन यायचं म्हणजे सरावाचा दिवस वाया. पिराजी तसाच पुन्हा बाहेर पडला आणि स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ब्रेक ऑईलची सीलबंद बाटली घेऊन आला. दुकानदारानं हलकी कंपनी पुढं केली, ती त्यानं मागं सारली. लेकीच्या ब्रेकला हलकं तेल त्याला नको होतं.

दारातल्या फरशीवर त्यानं सायकल उभी केली, लिव्हरजवळच्या डबीत नवं तेल भरलं आणि पाना घेऊन मागच्या चाकापाशी मांडी घातली.

"हवा शिरलीय आत. तू फकस्त मी सांगतो तसं कर. दाब."

वृषालीनं लिव्हर दाबला.

"धर."

तिनं धरून ठेवला. त्यानं स्क्रू जरासा ढिला केला, बुडबुडे आले, स्क्रू पुन्हा आवळला.

"सोड."

दाब, धर, सोड. काळी-पिवळीचे ब्रेक तो असेच नीट करायचा. तेव्हा पायडल दाबायला बनाबाई बसायची, नवी नवरी, दर दाबाला हसायची. आता ती आतून डोकावून म्हणाली, "जीप करताव का सायकल?" वृषाली हसली, पिराजीही हसला. कंबर दुखायची त्या घटकेला तरी थांबली होती. बघता बघता लिव्हर कडक झाला, अगदी नव्यासारखा. हात पुसताना पिराजीला फार बरं वाटलं. पोरीला द्यायला त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं, पण जे येत होतं ते तरी त्यानं तिला दिलं होतं.

चाचणीच्या दिवशी त्यानं रजा टाकली. धाराशिवजवळच्या डोंगराला फेऱ्या मारायच्या होत्या. एका अंगानं चढायचं, दुसऱ्या अंगानं उतरायचं. बाकीचे आईबाप चढावर उभे राहिले, पोरांना ओरडून धीर द्यायला. पिराजी एकटाच उताराच्या वळणाच्या जरा अलीकडं जाऊन थांबला. त्याला ब्रेक बघायचा होता.

पहिल्या फेरीत वृषाली सगळ्यांच्या आधी आली. मुरमाचं ते अवघड वळण तिनं असं काढलं की पिराजीच्या तोंडून आपोआप "वा गं माझी वाघीण!" निघालं. शेजारच्या माणसाला त्यानं सांगून टाकलं, "लेक हाय माझी. ब्रेक म्या नीट केलाय."

दुसऱ्या फेरीत आधी तिघी गेल्या, मग ती आली. पिराजीला वाटलं, दम राखत असेल. शेवटच्या फेरीला तर सगळ्या उतरून गेल्या तरी ती दिसेना. वळण रिकामं पडलं. शेजारचा माणूसही निघून गेला.

मग ती आली. मान खाली, तोंड लालबुंद, शर्ट ओलाचिंब. ती समोरून गेली आणि तिच्यामागून वास आला. तापलेल्या ब्रेकचा वास. घाटात माल भरलेला ट्रक पुढं असला की येतो तो. हा वास पिराजी झोपेतही ओळखला असता. पण वळण अजून पुढं होतं. तिनं ब्रेक दाबायला अजून सुरुवातही केली नव्हती.

तो धावतच खाली गेला.

शेवटच्या रेषेपलीकडं सायकल पडलेली होती. वृषाली बाजूला गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पिराजीनं मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

खेळाडूंच्या सायकली बघायला आलेला फिरोज तिथंच होता. त्यानं डिस्कजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"मामा, ह्यात तेल घातलं का तुमी? कुठलं?"

"ब्रेक ऑईल. चांगल्या कंपनीचं."

फिरोजनं खाली बघितलं. "ह्याला मिनरल तेल लागतंय मामा. गाडीचं घातलं की आतलं रबर फुगतंय. दाबला तर ब्रेक लागतो झकास. पर मग सुटत न्हाय." मग तो म्हणाला, "चूक माझी बी हाय. सांगाया पायजे होतं म्या."

तेवढ्यात रणधीर सर आले. "काय झालं गं वृषाली? पहिल्या फेरीला तर पुढं होतीस."

वृषालीनं मान वर केली. तिनं वडिलांच्या हातातल्या चाकाकडं बघितलं, फिरोजकडं बघितलं.

"पाय गेले सर," ती म्हणाली.

सरांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि ते पुढच्या मुलीकडं गेले. पिराजीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण त्यानं फक्त चाक पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

गावाकडं येताना फिरोजच्या टेम्पोत मागं सायकलीशेजारी दोघं बसले होते. सायकल एका हातानं धरून पिराजी म्हणाला, "सरांना खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझ्या बापानं ब्रेक धरून ठिवला म्हणून?"

ती रागानं बोलली नव्हती. थकून बोलली होती, आणि पिराजीला तेच जास्त लागलं. रागावली असती तर त्यालाही काही बोलता आलं असतं.

"चढावर मला खरंच वाटलं, माझेच पाय गेले," ती हळूच म्हणाली. "इतक्या दिसाचं सगळं खोटं होतं वाटलं. लई वाईट वाटलं पप्पा. खाली आल्यावर तुमी चाक फिरवलं, तवा कळलं. तवा जरा बरं वाटलं."

पिराजीनं तोंड बाहेर वळवलं आणि टेम्पो तुळजापुरात शिरेपर्यंत ते आत वळवलं नाही.

सोमवारी तो उठला तेव्हा सायकल दारातच होती. वृषाली बूट घालून पळायला निघून गेली होती. आता राहिली साधी भरती, तिला पळावंच लागतं. बनाबाईनं डबा हातात दिला.

डेपोतून सोलापूरची पहिली गाडी भरून निघाली. दारापर्यंत माणसं उभी होती. कंडक्टर अयोध्यानं डबल बेल दिली. पिराजीनं हँडब्रेक सोडला, फुस्स करून हवा सुटली. पण पाय ॲक्सिलेटरवर गेला नाही. हात पुन्हा हँडब्रेककडं गेला. त्यानं चाचपून बघितलं. मग परत एकदा बघितलं.

"मामा, डबल दिली की कवाच!" अयोध्या मागून ओरडली. "काय झालं?"

"काय न्हाय. सुटलाय का बगतोय."

"ब्रेक लागतोय का बगायचा असतो मामा!" कुणीतरी म्हणालं, आणि पुढची माणसं हसली.

पिराजीनं गिअर टाकला. गाडी खच्चून भरली होती, तरी किती सहज निघाली.