हानच्या चिठ्ठीतला मासा

स्मिताच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दहा दिवस उलटले, तरी जखमेचं एक टोक ओलंच होतं आणि तिची अन्नावरची वासना उडाली होती. पथ्य काही नाही, प्रथिनं मात्र भरपूर द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परदेशातल्या तोआ पायोह वस्तीत त्यांच्याच मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या व्हिएतनाममधल्या हनोईच्या हानने स्मिताच्या नवऱ्याला, निशिकांतला, चिठ्ठीवर एका माशाचं नाव लिहून दिलं : ‘का क्वा’. याच्या सुपानं जखम भरते, असं तिनं मोडक्या इंग्रजीत समजावलं.

शनिवारी सकाळी बाजारात एका मासेवाल्याची बायको व्हिएतनामी निघाली, तेव्हा निशिकांतला हायसं वाटलं. पण चिठ्ठी वाचून ती म्हणाली, हे उत्तरेकडचं नाव. आमच्या सायगावकडे याला ‘का लॉक’ म्हणतात. कोळंबी निवडत बसलेली तिची मैत्रीण मध्य व्हिएतनामची. तिच्या मते तो ‘का त्राऊ’. दोघींची जुंपली. ‘का’ म्हणजे मासा, एवढंच निशिकांतच्या पदरात पडलं. मासा एक की तीन? टाके पडलेल्या बाईच्या पोटात भलतंच काही गेलं तर? पुलाच्या आराखड्यात प्रत्येक भागाला एकच क्रमांक देणारा तो इंजिनिअर चिठ्ठी हातात धरून नुसताच उभा राहिला.

अखेर बाईनं टबावरची जाळी बाजूला केली. सापासारखं डोकं, काळसर पाठ. भंडाऱ्याच्या तलावातली, लहानपणापासून ओळखीची मरळ! गोंधळ मिटायच्या ऐवजी वाढला. टाके सुकेपर्यंत मासळी घरात आणू नकोस, मरळ तर मुळीच नाही, जखम चिघळेल, असं आईनं कालच फोनवर बजावलं होतं. तरीही त्यानं ती घेतली.

हानने आलं घालून सूप करून दिलं. वाडग्यातून वाफ येत होती. पहिला चमचा उचलून स्मितानं विचारलं, “कुठला मासा हो?”

तीन नावं त्याच्या जिभेवर होती. तिन्ही खरी, आणि तिला एकही न कळणारं.

“मरळ,” तो म्हणाला.

चमचा वाडग्यात परत गेला. “आई एवढं सांगत होत्या, तरी आणलीत?”

“हान म्हणते, भरते. आई म्हणते, चिघळते. डॉक्टर म्हणतात, काहीही खा. मला खरंच कळत नाही, स्मिता.”

तिनं चमचा वाडग्यातून काढून बाजूला ठेवला.

“आईंना फोनवर सांगू नका,” ती म्हणाली आणि तिनं वाडगाच तोंडाला लावला.