आईच्या लाकडी कानात

चैत्रातली सकाळ मोखाड्याच्या डोंगरांवरून सावकाश उतरत होती. आधी शिखरे तांबूस झाली, मग कडे, मग कड्यांच्या कुशीतली करवंदीची काळीभोर जाळी. खाली दरीत मात्र धुके अजून साईसारखे धरून होते. पळस झडला होता, पांगारा पेटून विझला होता, आता कुसुंबाच्या कोवळ्या, ताम्रवर्णी पालवीची पाळी होती. कुमुदिनीला हा रंग ओळखीचा वाटला. ती नाशिकच्या तांबटाची लेक होती.

एसटी वळणावर वळण घेत होती आणि ती एकच वाक्य मनाशी घोकत होती. अण्णा गेले, मुरली, उद्या दहावा आहे, चल. पुन्हा तेच. अण्णा गेले, मुरली. वाक्य साधे होते, घासून पुसून लख्ख केलेले होते, पण प्रत्येक वळणावर त्याचा एखादा शब्द निसटून दरीत पडे आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. फोनवर सांगता आले असते, पण इतके दिवस लावूनही या डोंगरांत फोन लागला नव्हता.

मुरलीधर तिचा धाकटा भाऊ. तांब्या-पितळेची भांडी घेऊन या डोंगरातल्या बाजाराला आला, इथला बोहाडा, मुखवट्यांचा नाच, त्याने पाहिला, आणि घरी परत आला तो फक्त निरोप घ्यायला. भिमाशी लग्न करून तो इथेच राहिला. सासऱ्याला मुलगा नव्हता आणि त्या घराकडे देवीचे सोंग नाचवण्याचा मान होता. तो मान जावयाकडे आला. तांबटाचा पोरगा लुगडे नेसून नाचतो म्हणून वडिलांनी, अण्णांनी, दार लावून घेतले, ते वर्षानुवर्षे लावलेलेच राहिले. शेवटच्या दुखण्यात मात्र दाराची कडी वाजली की ते विचारीत, मुरली आला का.

गाव एवढेसे. एक बाजारपेठ, एक वड, एक पाण्याची टाकी; आणि तरी किती गजबज, किती रंग, किती नाद! गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसे तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचत होती. एका ओसरीवर कुणी सावरीच्या लाकडातून राक्षसाचे नाक कोरत होता. रात्रभर नाचून दमलेले देव चहाच्या टपरीवर टेकले होते. बोहाड्याच्या दिवसांत असेच चालते. रात्री लाकडी मुखवटे चढतात, एकामागून एक देव येतात, संबळ-सनईच्या तालावर नाचून जातात, आणि सर्वांत शेवटी, सूर्य वर आल्यावर, देवी येते. नवख्या माणसाची मात्र धांदल उडते. नमस्कार कुणाला करावा आणि रस्ता कुणाला विचारावा, हेच कळत नाही.

काखेत गणपतीचे तोंड घेऊन चहा पिणाऱ्या एका माणसाला कुमुदिनीने विचारले, "मुरलीधर तांबट कुठे राहतात हो?"

त्याने बशी खाली ठेवली. "मुरली आज नाय. आज आई हाय. मुरलीला भेटायचं तं सोंग उतरल्यावं या."

तिला काहीच उमगले नाही. तरी त्याने दाखवलेल्या वाटेने ती निघाली.

भिमा दारातच उभी होती. मागची खोली आतून बंद होती, आणि आत मौन धरून बसलेल्या मुरलीला वडीलधारी मंडळी सजवत होती. नणंदेला पाहून भिमा हसली. मग तिचे लक्ष नणंदेच्या रिकाम्या हातांकडे गेले, न विंचरलेल्या केसांकडे गेले, आणि तिचे हसू जागच्या जागी विरून गेले.

"भिमा, अगं, आपले..."

"नाय अक्का." भिमाने तिचा हात घट्ट धरला. "बोलू नका. मलाबी सांगू नका. कानावं पडलं का इटाळ लागंल, मंग आई नाचंल कशी? आई नाय नाचली तं आमच्या घराचा मान मोडंल. दुसऱ्या घरात जाईल."

"पण उद्या..."

"दुपारची गाडी हाय ना. तोवर गप ऱ्हावा, पाया पडते तुमच्या."

आणि ती खरोखरच पाया पडली. कुमुदिनी ओसरीच्या कडेला बसली. तिला काय वाटावे तेच कळेना. लग्न झालेल्या लेकीचे सुतक थोडक्या दिवसांचे, ते कधीच फिटले होते. मुलाचे सुतक मात्र ऐकल्याशिवाय सुरूच होणार नव्हते. म्हणजे जोवर ती गप्प होती तोवर या डोंगरात अण्णा गेलेले नव्हते. घाटावर, नाशकात, त्यांची राख थंड झाली होती आणि इथे घाटाखाली ते अजून कुरकुरत, ठोकठोक तांबे ठोकीत बसले होते. हा विचार खुळा होता, हे तिला कळत होते. तरी त्या खुळ्या विचाराने तिला घटकाभर बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

मग संबळ घुमला. दार उघडले. रक्तवस्त्रा, रौप्यमेखला, हरितकंकणा देवी उंबऱ्याबाहेर आली. विशाल नेत्रांची, विस्फारित ओठांची, शेंदरी लाकडाची ती मुद्रा उन्हात अशी झळाळली की माणसे आपोआप मागे सरली. कुमुदिनी मुद्रेखाली भाऊ शोधू लागली. पाऊल मुरलीचे होते का? मनगट मुरलीचे होते का? लहानपणी भाजलेल्या बोटाचा डाग कुठे होता? बांगड्यांआड काहीच दिसेना. पैंजणांचा नाद ऐकू येई, तलवारीची लकाकी दिसे, लाल लुगड्याचा घोळ गरगरताना दिसे. माणूस तेवढा दिसत नव्हता.

नाचता नाचता देवी थांबली की बायका आरतीचे ताट घेऊन पुढे होत. ओवाळीत, आणि मग तिच्या लाकडी कानाशी तोंड नेऊन आपले गाऱ्हाणे सांगत. कुणाचे मूल राहत नव्हते, कुणाचा नवरा गुजरातेत कामाला गेला तो परतला नव्हता. देवी ऐके, मान हलवी, पुढे जाई. जे कानात पडे ते देवीचे. आतल्या माणसाला त्यातले काही कळत नाही, असे गावाने फार जुन्या काळी ठरवून टाकले होते.

कुणीतरी कुमुदिनीच्या हातात ताट दिले. मागच्या बायकांनी तिला पुढे लोटले. ती नको नको म्हणत होती की होय होय, तिचे तिलाच आठवले नाही. तिने ओवाळले. समोर ते मोठे, रंगवलेले, पापणी न लवणारे डोळे होते, आणि तिच्या मनात फक्त एवढेच ठरलेले होते की काही बोलायचे नाही. ती कानाशी वाकली.

"आई," ती म्हणाली, "माझे अण्णा गेले गं. शेवटी मुरलीला विचारत होते."

बोलून गेली आणि ती झटकन मागे सरली. हे आपण कुणाला सांगितले? देवीला, की भावाला? संबळ इतका दणाणत होता की तिचा आवाज तिलाही नीट ऐकू आला नव्हता. देवीने मान हलवली नाही. उचललेले पाऊल क्षणभर तसेच अधांतरी राहिले, तलवारीचे टोक जमिनीकडे झुकले, ताल एकदा रिकामा गेला. मग पाऊल पडले. आणि देवी नाचली. अशी नाचली, अशी नाचली, की धूळ कमरेएवढी उठली, सनईवाल्याला दम पुरेना, म्हाताऱ्या बायांनी पदर पसरले आणि त्या एकमेकींना म्हणाल्या, आज आई खरीच आली. कुमुदिनी तेवढी ताट धरून उभी होती. आपण हे पाप केले की पुण्य, हे तिला सांगणारे तिथे कुणीच नव्हते.

ऊन चढले तसे सोंग उतरले. मुखवटा धुऊन, पुसून, पांढऱ्या फडक्यात बांधून पाटावर ठेवला गेला. गावाचा मान राहिला. भिमा चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली.

मुरलीधर बाहेर आला. अंगावर अजून देवीचे लाल लुगडे होते. ते दरवर्षी नवे घेतात आणि नाचून झाले की नाचणाऱ्यालाच देतात. केस पिकले होते, श्वास अजून लागला होता. तो बहिणीजवळ, तिच्या पावलांकडे पाहत, उकिडवा बसला.

"अक्का, कधी आलीस?"

"सकाळी."

"चहा दिला का भिमीनं?"

"दिला."

मग हळूच, आजच पहिल्यांदा विचारतो आहे अशा आवाजात त्याने विचारले, "अण्णा बरे आहेत ना?"

कुमुदिनीने त्याच्याकडे पाहिले. तुझ्या कानात मघाशी काय पडले रे, तू होतास का तिथे, असे तिला विचारायचे होते. त्याच्या डोळ्यांत तिला होयही दिसले आणि नाहीही दिसले. वाटभर घोकलेले ते वाक्य तिने मग एकेक शब्द जपून उच्चारले.

"अण्णा गेले, मुरली. उद्या दहावा आहे. चल."

त्याने डोळे मिटले. "आत्ता ऐकलं, अक्का," तो म्हणाला. "आत्ता."

आणि मग तो रडला. लहानपणी बोट भाजले होते तेव्हा रडला होता तसा, तोंड उघडे टाकून, कुणाचीही लाज न धरता. रडतच उठला आणि मरण ऐकल्यावर करायच्या आंघोळीला ओढ्याकडे चालू लागला. कुमुदिनी मागोमाग गेली. उन्हाळ्याने आटत आलेल्या ओढ्यात खडकाखाली एवढासा डोह उरला होता. नेसत्या लुगड्यानिशी तो त्यात उतरला, आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, मग बुडी मारून दिसेनासा झाला. नव्या कापडाचा रंग सुटला. डोह लाल झाला. आणि दगडांना वळसे घालीत, उन्हात थरथरत, पाणी खाली खाली जात राहिले. आधी लाल, मग गुलाबी, मग नुसते पाणी.