आर्डिसचा डबा

बुधवारी सकाळी ड्वेन लिट्विलर इंजिन न्यायला आला आणि आल्या आल्या खुर्ची ओढून बसला. ड्वेन घाईचा माणूस. तो बसला म्हणजे त्याला काहीतरी अवघड सांगायचंय, हे मर्ल यॉस्टने ओळखलं.

"कॉफी?" मर्लने विचारलं.

"अर्धा कप."

मर्लने कप भरून दिला. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, पण आर्डिस असतानाचं स्वच्छ नव्हतं. त्याच्या बायकोला, आर्डिसला, जाऊन पाच महिने झाले होते. फेब्रुवारीत बर्फ असताना गेली, त्यामुळे बागेतलं काहीच तिला शेवटचं बघता आलं नाही.

ड्वेन बागरेल्वे मंडळाचा अध्यक्ष होता. वूस्टरच्या आसपास अशी चाळीसेक घरं होती, जिथे मागच्या अंगणात झाडाझुडपांतून रूळ टाकलेले होते आणि त्यांवरून हातभर लांबीची इंजिनं धावत. दर जुलैत ओहायोभरातून लोक येत. शनिवारी दिवसभर बसमधून एकेकाची बाग बघत, आणि संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये जेवण. जेवणानंतर 'आठवणीची गाडी' निघे. वर्षभरात मंडळातलं जे कोणी गेलं असेल त्याच्या नावाचा एकेक लाल डबा जोडायचा, गाडी टेबलांमधून फिरवायची, एकेक नाव वाचायचं आणि घंटा द्यायची. नंतर तो डबा घरच्यांनी घरी न्यायचा. गेली अकरा वर्षं ही गाडी मर्लचं काळं इंजिन ओढत होतं.

"यंदा किती डबे?" मर्लने विचारलं.

"चार." ड्वेनने कपात बघितलं. "ऑर्विल, दोघे क्रेबिलबंधू आणि तो मॅन्सफील्डचा स्टॅन."

"पाच."

"मर्ल, ऐक—"

"आर्डिसचा पाचवा."

"ती सभासद नव्हती रे. तुझ्या सभासद-नंबरावर होती. तिचा बिल्ला गुलाबी. सोबती. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, डबा सभासदाला. उद्या प्रत्येकाची बायको, मेहुणी, सासू... गाडी हॉलमध्ये मावायची नाही."

मर्ल मनात हिशेब करू लागला. स्टॅन आयुष्यात दोन बैठकांना आला होता आणि दोन्ही वेळा भांडून गेला होता. त्याला डबा. आर्डिसने एकोणीस वर्षं या मेळाव्याच्या बसचा रस्ता आखला. दर मे महिन्यात बसवाल्या डार्लीनला शेजारी बसवून ती तो सगळा रस्ता आपल्या गाडीने फिरून यायची. कुठे वळण अरुंद, कुठे सावली, कुणाकडे कुत्रं, संडास कुठल्या चर्चमध्ये आणि त्याची चावी कुणाकडे, सगळं एका हिरव्या फायलीत. आणि तिला डबा नाही, कारण बिल्ला गुलाबी.

"मी एक सुचवू?" ड्वेन म्हणाला. "तुझा डबा निघेल ना, म्हणजे देव करो आणि वीस वर्षांनी निघो, तेव्हा त्याच्यावर दोघांची नावं घालू. मी बैठकीत ठराव मांडतो."

मर्लच्या हातातला चमचा बशीवर आपटला.

"म्हणजे तिने माझी वाट बघत थांबायचं? नियमावलीत बसायला?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे. बसची फाईल घेऊन जातोस का? की तीही गुलाबी आहे?"

"फाईल नको." ड्वेनचा चेहरा जरा खुलला. "रस्ता यंदा मी आखलाय. शास्त्रशुद्ध. आर्डिसचं आपलं जवळ ते आधी असायचं, लोकांना काही शिकायला मिळायचं नाही. मी काय केलं, आधी सगळी वाफेची इंजिनं, मग विजेची, मग बॅटरीची. इतिहासाच्या क्रमाने. तुझी बाग शेवटची, चार वाजता."

मर्लने त्याच्याकडे बघितलं. वाफेची इंजिनं असलेली तीन घरं होती. एक उत्तरेला, एक दक्षिणेला आणि एक पार पूर्वेला. असा रस्ता या छंदातल्या पुरुषालाच सुचू शकतो, असं आर्डिस म्हणाली असती.

"इंजिन देतोस ना?"

"मीच आणीन," मर्ल म्हणाला. "आणलं तर."

ड्वेन उठला. कॉफी तशीच होती.

शनिवारी ऊन सकाळपासूनच तापलं. मर्ल पहाटे उठून बागेत बसला. आर्डिसने लावलेली बुटकी स्प्रूसची झाडं कात्रीने कापावी लागत, नाहीतर आठवड्यात ती इंजिनापुढे राक्षसासारखी दिसू लागत. हे काम तिचं. त्याने यंदा पहिल्यांदाच केलं होतं आणि दोन झाडं वाकडी झाली होती. मेळाव्याच्या पुस्तिकेत छापलं होतं, 'मर्ल यॉस्ट यांची बाग'. पुस्तिका त्याने उलटी करून पायरीवर ठेवली.

साडेबाराला फोन वाजला.

"मर्ल, मी डार्लीन." मागे माणसांचा गलका होता. "मला एक सांगा, तुमच्या त्या अध्यक्षाला नकाशा वाचता येतो का?"

"काय झालं?"

"सकाळपासून तीन घरं झाली, आणि धान्याच्या त्या निळ्या कोठारांवरून चारदा गेले मी. चारदा! मागून एक म्हणतो, ही कोठारं पण दाखवायची आहेत का? आणि थांबायला जागा एकही नाही. आता मी मक्याच्या शेताला लागून उभी आहे, एसी धाप टाकतोय, आणि एक बाई उतरून मक्यात गेल्यात."

"मक्यात?"

"दुसरीकडे कुठे जाणार? ऐंशी वर्षांच्या आहेत त्या. आर्डिस असती तर हे झालं असतं का?"

मर्लने फोन घट्ट धरला. त्याला आधी बरं वाटलं. जाऊ दे सगळ्यांना मक्यात, असं वाटलं. शास्त्रशुद्ध! बसू दे ड्वेनला आपल्या इतिहासात. ज्या बाईला डबा नाही तिची फाईल तरी कशाला पाहिजे मंडळाला?

मग त्याला त्या म्हाताऱ्या बाईचे पाय दिसले, ढेकळांत. आर्डिसने फायलीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'पन्नास माणसं आणि एक संडास म्हणजे चाळीस मिनिटं. हे विसरू नये.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती आत्ता असती तर मर्लवरच ओरडली असती.

"कुठे आहेस नेमकी?" त्याने विचारलं. त्याने फाईल बगलेत मारली आणि पिकअप काढला.

बस रस्त्याच्या कडेला तिरकी उभी होती. लोक बसच्या सावलीत दाटीवाटीने उभे, पुस्तिकेने वारा घेत होते. ड्वेन घामाने भिजला होता.

"मर्ल! बरं झालं आलास. फाईल आणलीस? दे इकडे."

"देणार नाही," मर्ल म्हणाला. "वाचून दाखवीन."

तो बसमध्ये चढला. डार्लीनने काही न विचारता माईक त्याच्या हातात दिला. मर्लला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. बोलणारी आर्डिस होती.

"मी मर्ल यॉस्ट. हा रस्ता माझ्या बायकोने आखलेला आहे. तिचं नाव आर्डिस यॉस्ट. ती फेब्रुवारीत गेली. मी नुसतं वाचतोय." त्याने पान उलटलं. "आर्डिस म्हणते, इथून आठ मिनिटांवर मेनोनाइट चर्च आहे. चावी समोरच्या पिवळ्या घरात. संडास तीन. थंड पाणी तळघरात."

"देव तिचं भलं करो," मक्यातून आलेल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, आणि सगळी बस हसली.

मर्ल हसला नाही. पाच महिन्यांत तिचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं, आणि त्यासाठी ऐंशी वर्षांच्या बाईला शेतात बसावं लागलं, याचाच त्याला राग आला होता.

त्यानंतर दिवस मार्गी लागला. उरलेली सहा घरं चार तासांत झाली. आर्डिस म्हणते, इथे डावीकडे बसलेल्यांनी आधी उतरा, गल्ली अरुंद आहे. आर्डिस म्हणते, या घरचं कुत्रं चावत नाही पण सँडविच पळवतं. कुत्र्याने खरंच एकाचं सँडविच पळवलं. त्यातल्या तिसऱ्या घरापासून लोकच विचारू लागले, "मग, आर्डिस काय म्हणते?"

साडेपाचला बस मर्लच्या दारात आली. लोक वाकून वाकून बघू लागले. बोटभर उंचीची माणसं फलाटावर उभी, थाइमची हिरवळ, पाण्याचा ओहोळ. एकाने मर्लचा हात हलवला. "काय सुंदर बाग केलीत तुम्ही!"

"रूळ मी टाकले. बाग तिची."

"हो का? पुस्तिकेत तर—"

"पुस्तिकेत चूक आहे."

ड्वेन मागे उभा राहून ऐकत होता. लोक बसमध्ये चढू लागले तेव्हा तो जवळ आला.

"बरं बाबा, जिंकलास. मी दोघातिघांना फोन केले. पाचवा डबा लावतो. झालं समाधान?"

"खरंच?"

"एक जादा डबा असतोच आपल्याकडे. तू फक्त इंजिन घेऊन ये. आणि फाईल पुढल्या वर्षासाठी मंडळाकडे राहू दे, काय?"

मर्लने नुसती मान हलवली. फायलीचं त्याने काही कबूल केलं नव्हतं. त्याने घरात जाऊन इस्त्रीचा शर्ट शोधला. इस्त्री मोडली होती. तोच घातला, इंजिन पेटीत घालून उचललं आणि तोही बसमध्ये चढला.

हॉलमध्ये सात वाजता सगळे जेवायला बसले. कोंबडी, बटाट्याचा लगदा, फरसबी, शेवटी गोड म्हणून ॲपल पाय. टेबलांच्या मधून रूळ टाकलेले होते. दाराशी गाडी हिरव्या कापडाखाली झाकून ठेवली होती. मर्लने गोड तसंच ठेवलं आणि इंजिन जोडायला गेला. कापड उचललं. पाच लाल डबे. प्रत्येकाच्या अंगावर छापील पट्टी. ऑर्विलची, दोन क्रेबिलांच्या, स्टॅनची. पाचव्यावर लिहिलं होतं, 'मिसेस मर्ल यॉस्ट'.

त्याने ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

"ड्वेन!"

ड्वेन हातात यादी घेऊन आला. "काय, छान दिसतोय ना?"

"हे कोण आहे?"

"म्हणजे?"

"हे नाव. कोण मेलंय? लोकांना वाटेल मी मेलो!"

"हळू बोल, मर्ल. अरे, नियमावलीत बसवायचं तर असंच करावं लागतं. नंबर तुझा, म्हणून नाव तुझं. पुढे मिसेस लावलं. माझी आईसुद्धा जन्मभर असंच लिहायची. मानाचं आहे ते."

"तिने दिवसभर तुझी बस चालवली, ड्वेन. मेल्यावर! आणि तिच्या डब्यावर माझं नाव?"

"हातात पाच मिनिटं आहेत. मी आता दुसरी पट्टी कुठून छापू?"

मर्लने खिशातून चाकू काढला. ड्वेन एक पाऊल मागे सरला. मर्लने डबा उलटा धरला आणि पट्टीचं टोक खरवडायला सुरुवात केली. पट्टी चिवट होती, लाल रंग घेऊन निघाली. डब्याच्या अंगावर लांब पांढरा ओरखडा उरला. त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्या ओरखड्यावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आर्डिस यॉस्ट.

"मंडळाची मालमत्ता आहे ती," ड्वेन पुटपुटला.

"मग माझ्यावर ठराव मांड."

दिवे मंद झाले. मर्लने गाडी चालवायची बटणांची छोटी पेटी हातात घेतली. गाडी हळू निघाली. ड्वेनने माईकवर नाव वाचलं, "ऑर्विल स्नायडर," आणि घंटा दिली. गाडी पहिल्या वळणाला गेली. क्रेबिल, घंटा. क्रेबिल, घंटा. स्टॅनचं नाव वाचलं तेव्हा कुणीतरी खोकलं. घंटा.

मग ड्वेनने यादीवर बघितलं. यादी छापील होती.

"मिसेस मर्ल—"

मर्लने बटण दाबलं. गाडी हॉलच्या बरोबर मध्ये थांबली, मक्यातल्या बाईंच्या खुर्चीपाशी. सगळे आधी गाडीकडे आणि मग मर्लकडे बघू लागले.

"बॅटरी गेली का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"बॅटरी भरलेली आहे," मर्ल मोठ्याने म्हणाला. "नाव चुकलंय."

ड्वेन माईक धरून उभा राहिला. त्याने मर्लकडे बघून मान हलवली, आत्ता नको अशी. मर्लने पेटी दोन्ही हातांनी धरली होती. गाडी हलली नाही. हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाजही थांबला. मक्यातल्या बाई चष्मा नाकावर ओढून खुर्चीतून वाकल्या आणि पाचव्या डब्यावरची पेन्सिल वाचू लागल्या.

"अहो अध्यक्ष," त्या म्हणाल्या, "इथे स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला दिसत नसेल तर मी वाचू का?"

"मला येतं वाचता," ड्वेन म्हणाला. त्याने यादी घडी करून खिशात घातली. माईकमधून त्याचा श्वास ऐकू आला.

"आर्डिस यॉस्ट," तो म्हणाला.

घंटा वाजली. तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मर्ल थांबला. मग त्याने गाडी सोडली, आणि एक फेरी झाल्यावर थांबवायची असते ती थांबवली नाही. आणखी एक फेरी होऊ दिली.