मागं बघायचं नाही

शनिवारी संध्याकाळी मच्छीमार संस्थेच्या सभागृहात बाबांचं भाषण झालं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरली नाही. उतरायचं तसं काही कारणही नव्हतं.

भाषणाचा विषय होता, लहान होडीतून खोल पाण्यातली तांबोशी मासळी कशी धरावी. शहरातले हौशी लोक नवीकोरी जाकिटं घालून, वह्या उघडून बसले होते. बाबांचं वय बहात्तर, आवाज अजून खणखणीत. त्यांनी एकेक युक्ती उलगडून सांगितली. तांबोशी खडकाला धरून राहते, म्हणून होडी थेट खडकावर उभी करू नका. प्रवाह ज्या अंगाने येतो तिकडे थोडं वर नांगर टाका आणि आमिष वाहत वाहत खडकाकडे जाऊ द्या. दोरीला वजनाचं शिसं जेमतेम लावा. आमिष धपकन खाली गेलं तर मोठी तांबोशी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आमिषाचं माकूल ताजं हवं. पहिल्या दोन टिचक्यांना हिसका देऊ नका, ती नुसती चाखत असते. दोरी सरळ चालू लागली की मग ताणा. आणि होडीच्या फळीवर डबे आपटू नका, खाली सगळं ऐकू जातं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोरली मागच्या भिंतीशी खुर्च्या मोजून लावत उभी होती. जेमतेम शिशाची युक्ती तिची होती. बाबांनी उभा जन्म मूठभर शिसं बांधून दोरी सोडली, आणि सहा वर्षांपूर्वी तिने भांडून भांडून ते कमी करायला लावलं, तेव्हा दोन दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. दोन टिचक्यांची गोष्टही तिचीच. भाषणात एकदा चुकून जरी ‘आम्ही’ म्हणाले असते तरी तिचं भागलं असतं. पण पाऊण तासात ‘मी’ शिवाय दुसरा शब्द नाही.

त्यावर कडी केली धाकट्याने. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, शहरात नोकरीला, वर्षातून दोनदा घरी उगवणारा. होडीत बसला की अर्ध्या तासात पोट धरून वाकणारा. त्याने सगळं भाषण फोनवर चित्रित केलं आणि शेवटी माईक हातात घेऊन जाहीर केलं की, पुढच्या हंगामापासून तो मोठी होडी आणतोय, आणि मंडळींना थेट ‘आमच्या घराण्याच्या खडकावर’ नेणार आहे. उद्या सकाळीच बाबा त्याला तो खडक दाखवणार. बाबा खुर्चीत बसून मान हलवत होते. थोरलीला हे तिथे, परक्या लोकांबरोबर कळलं.

तो खडक म्हणजे काय, हे सांगायला हवं. किनाऱ्यापासून तासभर अंतरावर, पाण्याखाली, जेमतेम चार घरं मावतील एवढा. वरून काही दिसत नाही. आजूबाजूला मैलच्या मैल वाळू. घर त्या खडकावर चालत आलं होतं आणि तो ओळखायच्या खुणा फक्त बाबांना ठाऊक होत्या. खडक दहा हौशी लोकांच्या फोनमध्ये गेला की दोन हंगामांत तिथे तांबोशीचं पिल्लूसुद्धा उरणार नाही, आणि मग थोरलीची होडी म्हणजे नुसतं तरंगतं लाकूड. तिला दुसरा धंदा येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरा नकोही होता.

बावीस वर्षं ती बाबांबरोबर जात होती. नवऱ्याचं घर सोडून परत आली त्याच महिन्यापासून. ती मागे इंजिनाशी, तोंड समुद्राकडे. बाबा पुढच्या टोकाला, तिच्याकडे तोंड करून, म्हणजे तिच्या डोक्यावरून किनारा बघत. किनाऱ्यावर खुणांच्या दोन जोड्या होत्या, दोन्ही जोड्या आपापल्या रेषेत आल्या की खाली खडक. बाबा हात वर धरत. डावीकडे झुकला की डावीकडे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. हात खाली पडला की इंजिन बंद. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, “मागं बघायचं नाही. तू आज आहेस, उद्या पुन्हा कुणाच्या घरी जाशील. खुणा घरात राहायला हव्यात.”

ती कुठेही गेली नाही. आई गेली, तिची पोरगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली, थोरलीचे केस पिकले, पण नियम तसाच. बावीस वर्षं ती किनाऱ्याला पाठ करून बसली. मान दुखायची, पण वळली नाही. कुणी म्हणेल हा भाबडेपणा. तो भाबडेपणा नव्हता, हट्ट होता. ते स्वतःहून म्हणतील, बघ, तेव्हाच बघायचं.

पण डोळ्यांनी नाही बघितलं म्हणून माणूस शिकत नाही असं थोडंच आहे? बंदराच्या तोंडातून निघाल्यावर पंचावन्न मिनिटं. मग लांब लाट आखूड होते आणि होडी बुडाखालून दोनदा उचलली जाते. शिसं सोडलं की आधी वाळू, मग शिंपांची खरखर, आणि मग ठक्. हे तिला हळूहळू अंगवळणी पडलं होतं. बाबांचा हात पडायच्या आधीच तिचा हात इंजिनाकडे जायला लागला होता.

आणि मग दीड वर्षापूर्वी टाकीचा प्रकार झाला. भाजी आणायला ती पलीकडच्या वस्तीत गेली होती, तेव्हा टेकडीवरची निळी पाण्याची टाकी पाडायचं काम चालू होतं. तिने चार घटका उभं राहून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात होडीत बाबा स्वतःशीच पुटपुटले, टाकी आली छपरावर, आणि हात खाली पडला. टाकी नव्हतीच. मग कितीएक दिवस तिने नीट लक्ष दिलं. ती इंजिन हळू करायची, आवाज बदलायचा, तो ऐकून बाबांचा हात पडायचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता आणि डॉक्टरचं नाव काढलं की ते अंगावर यायचे. मग मागचे कितीतरी प्रसंग तिला आठवले आणि हिशेब लागला. तेव्हाच अडीच वर्षं झाली होती, आता चार. चार वर्षं तीच होडी खडकावर आणत होती, आणि ते मिशीवर ताव देत होते.

तेव्हा ती बोलली नाही. लाज राखली म्हणा. त्या राखलेल्या लाजेचं फळ शनिवारी सभागृहात मिळालं.

रविवारी उजाडताना तिघं निघाले. धाकट्याने फोन पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता आणि निघाल्यापासून बोलत होता. जागा एकदा फोनमध्ये टिपली की झालं, म्हणत होता, मग कुणाच्या खुणा नकोत, कुणाची मेहेरबानी नको. ताईला आता एवढ्या लांब यायची दगदगही नको, तिने किनाऱ्यावर बसून मंडळींची नावं लिहून घ्यावीत. हे त्याने खरोखर तिच्या भल्यासाठी म्हटलं, आणि म्हणूनच तिला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

पुढे बाबा हात वर धरून बसले होते. धाकटाही आज किनाऱ्याकडे तोंड करून बसला होता, त्याला तर मुद्दाम बसवलं होतं. खुणा बघायची मनाई फक्त तिला.

पंचेचाळीस मिनिटं झाली. खाली वाळू होती, मैलभर चहूकडे वाळू. थोरलीने इंजिन हळू केलं.

बाबांचा हात पडला. त्यांनी धाकट्याला जवळ ओढलं आणि किनाऱ्याकडे बोट केलं. बघ, म्हणाले, निळी टाकी बरोबर शाळेच्या छपरावर आली, आणि दीपगृह कड्याच्या खाचेत बसलं. हे माझ्या बापाने मला दाखवलं, मी तुला दाखवतोय. दिसली ना टाकी?

“हो हो, दिसली,” धाकटा म्हणाला. त्याने धड बघितलंही नव्हतं. तो फोनची पिशवी उघडत होता.

एक न दिसणारी टाकी दाखवत होता, दुसरा नसलेली टाकी बघत होता, आणि जिला सगळं ठाऊक होतं तिने त्यांना वाळूवर आणून सोडलं होतं. एरवी तिला हसू फुटलं असतं. आता जबडा आवळून दुखायला लागला होता. एवढं सोपं होतं तर! बावीस वर्षं जी गोष्ट तिला मिळाली नाही, ती त्याला न बघता मिळत होती.

तिने नांगर टाकला. बाबांनी सवयीने दोरी सोडली, म्हणाले, जागा टिपायच्या आधी एक मासा काढू, शकुन म्हणून. शिसं खाली गेलं, टेकलं. बाबांची बोटं थांबली. त्यांनी दोरी वीतभर उचलली, पुन्हा सोडली. पुन्हा उचलली. डोळे गेले असतील, पण त्या बोटांना वाळू आणि खडक यांतला फरक साठ वर्षं ठाऊक होता. त्यांचा चेहरा उतरला. मग तो सावकाश इंजिनाच्या दिशेला, थोरलीकडे वळला.

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“दाबू का बाबा?” धाकट्याने विचारलं. “हीच ना जागा?”

बाबांनी ओठ ओले केले. “हीच,” ते म्हणाले. “दाब.”

धाकट्याने दाबलं. फोनने आवाज केला. तो खूश झाला आणि लगेच त्याला मळमळायलाही लागलं.

झालं होतं. खडक वाचला होता. धाकट्याने पुढच्या हंगामात खुशाल जाकीटवाल्यांची जत्रा घेऊन वाळूत गळ टाकत बसावं. थोरलीला फक्त मूग गिळून बसायचं होतं, आणि त्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. पण बाबांनी ‘दाब’ का म्हटलं? लेकापुढे आपली आंधळी फजिती उघडी पडू नये म्हणून, की खडक गुपचूप तिच्या पदरात टाकला म्हणून? दोन्हींत तिचं नाव कुठेच नव्हतं. द्यायचं ते सुद्धा चोरून! देणाऱ्याने तोंड उघडायचं नाही आणि घेणारीने घेतलं असं दाखवायचं नाही. तिला तसं नको होतं.

“ही वाळू आहे,” ती म्हणाली.

धाकटा हसला. त्याला वाटलं चेष्टा.

“तुझ्या फोनात वाळू गेली आहे. आणि ती निळी टाकी दीड वर्षापूर्वी पाडली. तुला कुठून दिसली?”

धाकट्याचा चेहरा लाल झाला. तो टाकी शोधायला किनाऱ्याकडे वळला, मग बाबांकडे बघायला लागला. टाकी पाडल्याचं त्यांना आताच कळत होतं, आणि ते असं तोंडावर फेकल्याबद्दल तिला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

“चार वर्षं तुम्हाला दिसत नाही, बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छा नव्हती. “चार वर्षं मी तुम्हाला खडकावर आणते. मागं न बघता. इंजिन मी हळू करते आणि तुम्ही हात खाली टाकता. तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि काल दोनशे लोकांसमोर तुम्ही मला खुर्च्या लावायला ठेवलंत.”

तिने नांगर ओढला, इंजिन चालू केलं आणि होडीचं तोंड पुन्हा खोल समुद्राकडे वळवलं. किनारा पाठीमागे होता, तसाच राहू दिला. पुढची दहा मिनिटं धाकटा काठावर वाकून ओकत होता. लांब लाट आखूड झाली, होडी बुडाखालून दोनदा उचलली गेली. तिने प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगर टाकला, गळाला माकूल लावलं, जेमतेम शिसं, आणि दोरी बाबांच्या हातात दिली.

माकूल वाहत वाहत खाली गेलं. शिसं खडकाला लागल्याचं बाबांच्या खांद्यांवरूनच कळलं. दोन टिचक्या बसल्या, त्यांनी हिसका दिला नाही. दोरी सरळ चालू लागली तेव्हा ताणली, आणि पाच मिनिटांनी हातभर लांब, लालबुंद तांबोशी फळीवर शेपटी आपटत पडली.

धाकट्याने तोंड पुसलं आणि पिशवीतून फोन काढला. त्याचा अंगठा काचेवर टेकायच्या आत बाबांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं.

“मला नको विचारूस,” ते म्हणाले. “खडक तिचा आहे. तिला विचार.”

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला काही विचारायची त्याच्यावर पाळी आली नव्हती, त्यामुळे विचारताना तो अडखळला.

“ताई, दाबू?”

“नाही,” ती म्हणाली.