पाहुण्यांसाठी राखलेलं हृदय

आमच्या मेडिकल कॉलेजात हृदय आलं आणि आल्या पावली कुलपात गेलं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं, दोन भागांत उघडणारं, बोटाने आतली वाट चाचपता येईल असं हृदय! सोबत शरीराचे थर उलगडून दाखवणारं भलंमोठं डिजिटल टेबल. त्याच्यावरचं प्लास्टिकही काढायचं नाही.

"उद्घाटन होऊ दे, अरुंधती मॅडम," प्राचार्य धर्मराज सर म्हणाले. "पाहुण्यांना काय उष्टं दाखवायचं?"

उष्टं! ते काय ताटातलं श्रीखंड आहे?

पाहुण्यांची तारीख सारखी पुढे जात होती. मी शरीररचना शिकवते, आणि शिकवायला माझ्याकडे बरणीतलं एक जुनं हृदय. मुलांनी वर्षानुवर्षं हाताळून त्याच्या झडपांच्या चिंध्या झाल्यात. माझ्या वर्गातल्या तूबाची पुरवणी परीक्षा तोंडावर आली होती. या वेळी नापास झाली की वर्ष गेलं. करंजाड्याहून लवकर येऊन ती त्या चिंध्यांत वाट शोधायची आणि एकाच ठिकाणी अडायची. डाव्या खालच्या कप्प्यात उतरलेलं रक्त बाहेर पडतं कुठून? ती खाली टोकाशी दार शोधायची. मी फळ्यावर काढलं, स्वतःच्या मुठीवर दाखवलं. पोरगी घडाघडा पाठ म्हणायची, पण डोळ्यांपुढे काही उभं राहायचं नाही. किल्लीसाठी सरांकडे मी इतके खेटे घातले की शिपाईसुद्धा हसायला लागला.

तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं. तूबा टोकाशीच अडकली आणि नापास झाली. माझा नुसता जळफळाट झाला.

निकालानंतर पाहुणे उगवले. पास झालेली मुलं वरच्या वर्गात, म्हणून कात्रीचं तबक धरायला तूबाला उभं केलं. फीत कापली, नारळ फुटला, हृदयाला हळदकुंकूही लागलं. पाहुणे तिला म्हणाले, "दाखव बरं, बाळ, कसं चालतं ते."

तूबाने तबक खाली ठेवलं आणि हृदय उघडलं. डाव्या वरच्या कप्प्यातून तिने बोट खाली नेलं, जरा चाचपलं, आणि बोट शेजारच्याच दाराने वर महाधमनीत निघालं. टाळ्या पडल्या. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"या अल्लाह! मॅडम, बस, एवढंच होतं?"

मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

"जपून, जपून, डाग पडतील," म्हणत धर्मराज सर हृदय परत कपाटात ठेवायला पुढे आले. मी मध्ये उभी राहिले.

"सर, ती काहीतरी विचारतेय. आधी तिला उत्तर द्या."