वर्षालीच्या टिपक्याला जोडलेली रेघ

"हे रेघ चुकली," प्रमिलाबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"कोणती, मॅडम?" काजलने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

हिंगणीजवळच्या त्या गावात प्रमिलाबाईंनी नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली. आता दवाखान्याच्या फोनवर बोलणारं यंत्र आलं होतं. बोलायचं छान, पण कालचं आज विसरायचं. त्याला स्मरण द्यायला काजल वर्ध्याहून आली होती. माणूस म्हणजे टिपका, नातं म्हणजे रेघ. रेघांचा माग काढत यंत्र सांगणार, सिकलसेल कोणाच्या रक्तात उतरला असेल, तपासायला कोणाला बोलवायचं. कागदांवरून चारशे घरं त्यात गेली होती. बाकीचं प्रमिलाबाईंच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं जूनमध्ये निवृत्त होणार होतं.

पडद्यावर वर्षालीला तानाबाई आणि प्रेमदास जोडलेले. दोघांचं रक्त निर्दोष, तेव्हा हिला तपासायची गरज नाही, असं यंत्राचं म्हणणं. त्याची तरी काय चूक! रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून तानाबाईच. वर्षालीला जन्म दिला होता तानाबाईच्या बहिणीने, सुमित्राने. सुमित्रा सिकलसेलने गेली आणि दहा दिवसांची पोर तानाबाईच्या ओटीत आली. शाळेत रक्त तपासलं त्या दिवशी तानाबाईने पोरीला मुद्दाम घरी ठेवलं. प्रमिलाबाईंनी कोणाला न सांगण्याचं वचन दिलं होतं, पाळलंही. पण परवा पवनारच्या नागसेनचा अहवाल हाती आला. सुमित्राची लेक म्हणून वर्षाली वाहक असणारच, आणि तोही वाहक; दोघं स्वतः धडधाकट, पण त्यांच्या लेकराला आजार होऊ शकतो. त्याचं आणि वर्षालीचं लग्न ठरलेलं, रविवारी साक्षगंध होतं.

"हे यंत्र कोणालेबी सांगते का?"

"दवाखान्यातल्या कोणीबी विचारलं तं सांगते, मॅडम. मंग विसरत नाई."

प्रमिलाबाई तडक तानाबाईच्या घरी गेल्या. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून कडाडली.

"आता काऊन आली सांगाले? बावीस वर्सं गप होती नं! पोरगी मले आई म्हणते. उद्या काय म्हणन?"

"आन् तिचं लेकरू सुमित्रासारखं हाडं धरून रडन, तवा काय म्हणन?"

तानाबाई मोठ्याने रडली. प्रमिलाबाईंना तिचा राग आला होता, तो गेला. त्या तिच्याजवळ बसून भाजी निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाई वर्षालीला घेऊनच दवाखान्यात आली. घरी बोलणं झालेलं दिसत होतं. दोघींचे डोळे सुजले होते. प्रमिलाबाई पोरीला आत घेऊन गेल्या. तानाबाई काजलसमोर बसली.

"लिही बाई. तिची आई सुमित्रा."

काजलने जुनी रेघ पुसली, नवी ओढली.

"विचारून पाय. बराबर सांगते का?"

काजलने विचारलं. यंत्र स्वच्छ आवाजात म्हणालं, "वर्षालीची आई सुमित्रा."

"बराबर हाय," तानाबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

आत प्रमिलाबाईंनी वर्षालीच्या दंडाला पट्टा आवळला. सुई पाहून पोरीने डोळे घट्ट मिटले.

"आई, ये नं वो इकडं!"

तानाबाई क्षणभर काजलकडे पाहत राहिली, मग खुर्ची सारून आत गेली.